झिऱ्याची खूण

मुख्य रस्त्यावर एकोणीस इमारती होत्या. त्यांतल्या अकरांवर छप्पर होतं आणि सहांमध्ये माणसं राहत होती. एक पब, एक बंद पडलेली बँक, एक कोर्ट, ज्याचं आता संग्रहालय झालं होतं, एक दवाखाना आणि त्यात एक नर्स. रेल्वे स्टेशन होतं, रूळ नव्हते. पाण्याच्या चार टाक्या होत्या; मी चारही टाक्या बोटाने वाजवून पाहिल्या, तीन पोकळ वाजल्या. बँकेच्या भिंतीवरचा तापमापक सकाळी नऊला छत्तीस दाखवत होता.

"कुत्री राहिली तुझी," आँटी मॉरीन म्हणाल्या. "सात आहेत. दोन माझी, बाकीची फुकटी."

मी वहीत सात लिहिलं. अण्णांना भाषांतर करून सांगितलं तेव्हा ते हसले.

याला आता आठ वर्षं झाली. मी ॲडलेडला भूजलशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि अण्णा, माझे वडील, पहिल्यांदाच मला भेटायला आले होते. त्यांना समुद्र दाखवला, मॉल दाखवला. ते नम्रपणे बघत राहिले. मग म्हणाले, इथं कोरडा मुलूख असेल ना, तिकडं ने. जत तालुक्यातल्या माणसाने आणखी काय मागायचं. जिल्हा परिषदेच्या बोअरवेल पथकात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. म्हणून सहा तास गाडी चालवून आम्ही उत्तरेला या गावात आलो. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही.

आँटी मॉरीन तिथल्या अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांपैकी एका कुटुंबातल्या. वय एकाहत्तर. शनिवारी सकाळी पाहुण्यांना गाव फिरवून दाखवायच्या. त्या दिवशी पाहुणे आम्ही दोघंच होतो. त्यांनी आम्हाला जुन्या दुकानाच्या बाजूची एक खिडकी दाखवली. पुढचं दार गोऱ्यांसाठी होतं, त्यांच्या आजीला पीठ आणि चहा या खिडकीतून मिळायचा. खिडकीची लाकडी फळी मधोमध झिजून खोलगट झाली होती. कोपरं टेकून टेकून, आँटी म्हणाल्या. अण्णांनी त्या खळग्यावरून अंगठा फिरवला. आमच्या गावातही एक असं दार होतं, असं ते मराठीत म्हणाले, आणि हे मी भाषांतर करण्याआधीच आँटींनी मान हलवली. त्यानंतर अण्णा त्यांना सरळ आक्का म्हणू लागले. त्याचा अर्थ विचारून घेतल्यावर त्यांनी ते मान्य केलं.

गाव तिथे का वसलं, तर गावाबाहेर एक झिरा आहे म्हणून. वाळूखाली पाणी, वर काही दिसत नाही. आँटींचे लोक कोण जाणे किती पिढ्या त्यावर जगले. मग रेल्वे आली, तिने झिऱ्याला कुंपण घातलं, चाळीस वर्षं पाणी उपसलं आणि ती निघून गेली. आँटींच्या वडिलांनी सरकारदरबारी खेटे घालून तो नकाशावरून काढून टाकायला लावला. नवीन नकाशांवर तो नाही.

माझ्याकडे मात्र जुना नकाशा होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला १९६८ सालचा सर्वेक्षणाचा एक तक्ता सापडला होता. त्यात झिऱ्याचे अक्षांश-रेखांश होते आणि पाण्याची खोलीही नोंदवलेली होती. तेव्हाची खोली आणि आताची खोली: माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण त्यात होतं. मी आँटींना एवढंच विचारलं की झिरा बघता येईल का.

त्या म्हणाल्या, उद्या पहाटे साडेपाचला. माझ्याबरोबर. बघायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट करून म्हणाल्या, "हे घरी ठेवून यायचं."

पिशवीत मोजमापाची यंत्रं होती.

दुपारी अडीचला मी अण्णांना म्हटलं, चला, झिरा बघून येऊ.

"आक्काला विचारलंस?"

"हो," मी म्हटलं.

उत्तरेच्या वाटेवर अकरा किलोमीटरवर एक फाटक होतं. पुढे वाळूचा कोरडा ओढा, तिथून गाडी जात नव्हती. फाटकापासून झिरा, माझ्या यंत्राप्रमाणे, एक किलोमीटर नऊशे मीटर. गाडीत वीस लिटरचा कॅन होता. मी त्यातून दीड-दीड लिटरच्या दोन बाटल्या भरून घेतल्या. जास्त वजन कशाला, जातोय तर पाण्याकडेच. बागकामाचा एक छोटा खुरपा घेतला. तापमान बेचाळीस होतं.

ओढ्यापलीकडे सगळीकडे तीच झाडं होती: पुरुष-दीड पुरुष उंचीची, राखाडी पानांची, एकसारखी. जमीन लाल आणि सपाट. मी यंत्राच्या बाणाकडे बघत चालत होते. आठशे मीटर. चारशे. साठ. अण्णा मागून येत होते आणि नेहमीसारखे जमिनीकडे बघत होते. मधेच त्यांनी मला थांबवलं. बारक्या चिमण्यांचा एक थवा आमच्या डोक्यावरून उजवीकडे गेला होता. तिकडं जातायत बघ, ते म्हणाले. आणि जरा वेळाने आणखी एक थवा गेला. मी म्हटलं, अण्णा, आपल्याकडे आकडा आहे.

यंत्रावर शून्य आलं तेव्हा आम्ही झाडांमधल्या एका मोकळ्या जागेत उभे होतो. तिथे काहीच नव्हतं. कुंपणाचा खांब नाही, ओल नाही, गवत नाही. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, अकरा उपग्रह मिळेपर्यंत थांबले. शून्य. मी स्वतःला समजावलं की यात नवल नाही, झिरा वाळूखालीच असतो, पन्नास वर्षांत वर माती आली असणार.

अण्णांनी मूठभर माती उचलली, चुरली, सोडून दिली.

"नक्की इथं?"

"हो."

"मग खूण कर."

मी बुटाच्या टाचेने जमिनीवर फुली काढली. अण्णांनी टोपी नीट केली, गुडघे टेकले आणि खुरप्याने खणायला लागले.

मी मदत करत होते असं मला म्हणता येत नाही. पहिली दहा मिनिटं माती ओढली. मग यंत्र पुन्हा तपासायला मी आजूबाजूला फिरू लागले, दर वीस पावलांवर थांबून आकडे घेत. दर वेळी यंत्र मला त्याच खड्ड्याकडे परत पाठवत होतं. आकडे सुसंगत आहेत हे बघून मला बरं वाटत होतं. अण्णांची बाटली संपली. मी माझी दिली. खड्ड्यात हात कोपरापर्यंत जाऊ लागला, मग खांद्यापर्यंत. खालची माती वरच्यापेक्षाही कोरडी होती.

पावणेचारला मी म्हटलं, अण्णा, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. मी जवळ गेले. ते खणत होते, पण खुरपा हातात नव्हता. तो बाजूला पडला होता. ते रिकाम्या हातांनी माती ओढत होते, आणि सगळीच बोटांतून निसटत होती.

"शिवाप्पा," ते म्हणाले, "केसिंग उतरव."

शिवाप्पा हा त्यांच्या पथकात बोअरमध्ये केसिंगचे पाइप उतरवणारा माणूस. तो वारून बारा वर्षं झाली होती.

मी त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. मान कोरडी, पाठ कोरडी, सदरा कोरडा. अर्ध्या तासापूर्वी त्यांच्या हनुवटीवरून घाम ठिबकताना मी पाहिला होता. आता शरीराने घाम सोडणं थांबवलं होतं, आणि त्याचा अर्थ काय ते मला माहीत होतं.

त्यांना ओढत एका झाडाच्या सावलीत नेलं. सावली म्हणजे जाळी होती, ऊन भोकांतून येत होतं. बाटलीत दोन घोट उरले होते. एक त्यांना पाजला, तो तोंडाच्या कडेने बाहेर आला. दुसरा रुमालावर ओतून रुमाल मानेवर ठेवला. काही मिनिटांत रुमाल वाळला. फोनला गावाबाहेर रेंज नव्हतीच. तरी मी तीन वेळा लावून पाहिला.

गाडीपर्यंत जायचं, कॅन घेऊन यायचं: जाऊन-येऊन पाऊण तास. त्यांना एकटं सोडून. मी निघाले, पावलं मोजत. पन्नासाव्या पावलावर मागे वळले, तर ते दिसत नव्हते. ते झाडही मला ओळखता येईना. सगळी झाडं तीच. मी पळत मागे आले, चाळीस पावलं, पन्नास, साठ, आणि ते नव्हते. मी ओरडले, अण्णा, अण्णा. माझा आवाज कुठेही आपटून परत येत नव्हता. मग डावीकडे, मला वाटत होतं त्याच्या अगदी उलट दिशेला, त्यांचा बूट दिसला.

त्यानंतर मी त्यांना सोडून गेले नाही. हा निर्णय नव्हता. पाय उचलत नव्हते. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत बसले. मिनिटाला अठ्ठावीस. मग चौतीस. त्यांचं बोलणं थांबलं. मला एवढंच कळत होतं की आकडा वाढतो आहे आणि आम्ही इथे आहोत हे जगात कुणालाच ठाऊक नाही, कारण मी कुणाला सांगितलेलंच नव्हतं.

मला आधी कुत्र्याचा आवाज आला. मग आँटी मॉरीन झाडांतून बाहेर आल्या. पायात रबरी चपला, हातात एक बाटली. त्यांना व्हरांड्यातून उत्तरेच्या वाटेवर धूळ दिसली होती आणि आमच्या खोलीपुढे गाडी नव्हती. फाटकापर्यंत त्या गाडीने आणि तिथून आमच्या पावलांवर पाय ठेवत आल्या होत्या.

त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, फुलीचा उरलेला अर्धा भाग पाहिला. अण्णांच्या मानेला हाताची मागची बाजू लावली. बाटलीतलं सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं.

"उभा कर त्याला. गाडी लांब आहे. पाणी जवळ आहे."

आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं. त्यांचे पाय चालत होते, पण एकमेकांशी संबंध नसल्यासारखे. आँटी कोणत्या दिशेने निघाल्या ते मी लिहीत नाही. झाडं थोडी विरळ झाली, पुढे एक बुटका, काळसर खडक दिसला, म्हशीच्या पाठीएवढा. त्यावर चिमण्या बसल्या होत्या, शंभरेक तरी असतील. खडक पन्नास पावलांवर असताना आँटी थांबल्या.

मी म्हटलं, थांबू नका.

"याची आई कोण?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, वेळ नाही, पाणी, आधी पाणी.

"आईचं नाव."

अण्णांची मान माझ्या खांद्यावर पडली होती. मानेचा चटका मला कपड्यातून लागत होता. मला त्या बाईला ढकलून पुढे पळावंसं वाटलं, आणि ढकललं असतं तरी पाणी नेमकं कुठे आहे हे मला माहीत नव्हतं.

"बायजाबाई," मी म्हटलं.

"जागा?"

"माडग्याळ."

"आणि तू त्याची मुलगी."

"हो."

त्यांनी खडकाकडे तोंड करून हाक मारली. त्यांच्या भाषेत, मोठ्याने, पण ओरडून नाही. दारात उभं राहून घरातल्या माणसाला हाक मारावी तशी. त्या हाकेत मला दोन शब्द ओळखू आले. बायजाबाई आणि माडग्याळ. मग त्या पुढे निघाल्या. हे सगळं मिळून एक मिनिटही गेलं नसेल. मला ते फार लांब वाटलं.

खडकाच्या पायथ्याशी एक सपाट दगड होता. तो बाजूला केला, खालची वाळू ओली होती. आँटींनी दोन्ही हातांनी वाळू काढली, मीही काढली. कोपरापर्यंत हात गेल्यावर तळाशी गढूळ पाणी जमायला लागलं. आम्ही अण्णांचा सदरा काढून भिजवला आणि त्यांच्या अंगावर टाकला. मग माझी ओढणी, मग आँटींनी अंगातून काढून पाण्यात बुडवलेला झगा; त्या आतल्या कपड्यांवर बसून राहिल्या. कपडा गरम झाला की पुन्हा बुडवायचा. काखेत, मानेवर, जांघेत. पाणी संपलं की थांबायचं, ते सावकाश परत भरायचं. प्रत्येक वेळी मला वाटत होतं की या खेपेला भरणार नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी अण्णांनी डोळे उघडले आणि कानडीत शिवी दिली. जत तालुक्यातला माणूस चिडला की कानडीत जातो. आँटींनी विचारलं, काय म्हणतो? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, चांगलं आहे.

ऊन कललं तेव्हा आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरून गाडीपर्यंत आणलं. दवाखान्यात नर्सने ताप मोजला तेव्हा तो चाळीस पूर्णांक चार अंश सेल्सिअस होता, एवढं भिजवल्यानंतर. तिने सलाईन लावली आणि विमान मागवलं. विमानात एकाच रुग्णाची जागा होती. मी सकाळी गाडीने निघून शहराच्या इस्पितळात पोचायचं ठरलं. नर्सने विचारलं, अशा उन्हात तिथे खणत काय होतात? मी म्हटलं, नकाशा चुकीचा होता.

खोलीत येऊन मी नकाशाचा फोटो उघडला. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत, हे आकडे कोणत्या पायावर मोजले आहेत ते छापलेलं होतं. तो पाया जुना होता. ऑस्ट्रेलियाने नंतर मोजणीचा पाया बदलला. जुने आकडे नव्या यंत्रात जसेच्या तसे घातले तर माणूस काही शे फूट भलतीकडे उभा राहतो. बदल करायला एक मिनिट लागतं. हे मी त्याच वर्षी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला शिकवलं होतं. फळ्यावर उदाहरणही सोडवलं होतं. नकाशा बरोबर होता.

पहाटे साडेपाचला आँटी दारात उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं, खड्डा उघडा ठेवायचा नाही, जनावर पडून मरतं. नर्सकडून कळलं की अण्णा शुद्धीवर आहेत, पण मूत्रपिंडांचं काय ते अजून सांगता येत नाही. मग आम्ही दोघी गेलो. मी खड्डा भरत असताना त्यांना सगळं सांगितलं: यंत्र, तक्ता, अण्णांशी बोललेलं खोटं. त्या झाडाच्या फांदीने आमची पावलं पुसत होत्या. मग म्हणाल्या, अनोळखी माणसाला ती जागा सापडत नाही, असं त्यांची आजी सांगायची. त्यांना ती म्हातारीची गोष्ट वाटायची.

मी विचारलं, इथून तिथपर्यंतचं अंतर मोजू का?

"कशाला?"

"मला माहीत हवं."

त्यांनी विचार केला. "अंतर मोज. बाकी काही लिहायचं नाही." फितीचं दुसरं टोक त्यांनीच धरलं.

दुपारी मी इस्पितळात पोचले. अण्णांच्या दोन्ही हातांना नळ्या होत्या आणि पलंगाखाली लघवीची पिशवी, तिच्यावर मापाच्या रेषा. पिशवीत फार थोडं होतं, चहाच्या रंगाचं. डॉक्टर म्हणाले होते की पुढच्या दोन दिवसांत ते वाढलं पाहिजे. मी खुर्ची ओढून बसले. मला आधी सांगायचं होतं की त्या दुपारी जाण्याबद्दल मी आक्काला विचारलं नव्हतं. तेवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली. ते त्यांना वाटेतच कळलं होतं.

मग ते म्हणाले, "तिथं पाणी न्हवतंच. माती हातात घेतली तेव्हाच कळलं."

मला पहिल्यांदा वाटलं, अजून भ्रम आहे.

"मग खणलंत का, अण्णा?"

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. त्यांना बोलायला त्रास होत होता, म्हणून ते तुकड्या-तुकड्यांत बोलले. पथकाची पद्धत होती. भूवैज्ञानिक साहेब यायचे, यंत्र लावायचे, चुन्याने फुली काढायचे. गावातली म्हातारी माणसं सांगायची, इथं न्हाई, तिकडं औदुंबराखाली. पथकालाही दिसायचं. पण शिकलेल्या माणसाने खूण केली की खालच्याने दुसऱ्यांदा विचारायचं नाही, मशीन लावायचं. बोअर कोरडी गेली तर साहेबाला आपोआप कळतं. एकतीस वर्षांत शंभरावर बोअर त्यांनी अशा कोरड्या मारल्या होत्या.

"एकदा विचारलं मी तुला, नक्की इथं का. तू व्हय म्हणालीस."

मी पिशवीवरच्या रेषा मोजल्या.

"माझ्या घरात खूण करणारं माणूस झालंय," ते म्हणाले, "मी खणणार न्हाई तर कोण."

नर्स आली, पिशवीवरची रेष वाचून तक्त्यावर आकडा लिहून गेली. अण्णांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोपले. मी उठायला लागले तेव्हा त्यांनी डोळे न उघडता विचारलं, साइटवरच्या माणसाने विचारावं तसं:

"किती चुकली?"

मी वही काढली. फीत तीस मीटरची होती. सहा वेळा पूर्ण लागली होती आणि सातव्यांदा सव्वीसवर खडकाला टेकली होती.

"दोनशे सहा मीटर."